रकाना सातवा : चालकाची जन्मतारीख

सोमवार, ४ ऑक्टोबर १९७१. अहमदनगर.

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो, म्हणजे निर्णयात भावनेला वाव राहणार नाही.

एक : माझ्या मालकीची फियाट मोटार असून तिच्या विम्याची मुदत या महिनाअखेरीस संपते. दोन : जूनमध्ये पुण्यास माझ्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी मला मोटार चालवण्यास कायमची मनाई केली. तीन : अध्यापन महाविद्यालयाचा प्राचार्य या नात्याने विद्यार्थी-शिक्षकांचे सराव पाठ पाहण्यासाठी मला आठवड्यातून दोनदा बाहेरगावी जावे लागते. चार : पगारी ड्रायव्हर दोन ठेवून पाहिले, पहिला तंबाखू खाई, दुसरा वेळ पाळत नसे. पाच : माझी एकुलती कन्या प्रवरा हिला ऑगस्टमध्ये लायसन्स मिळाले. ती बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षास आहे. सहा : यापुढे मोटार तीच चालवील.

प्रश्न असा की, अठरा वर्षांच्या चालकासाठी विमा कोणता घ्यावा? पर्याय दोन. पहिला, कायद्याने सक्तीचा, ज्यात मोटारीने दुसऱ्यास इजा झाली तर भरपाई कंपनी देते. दुसरा सर्वंकष, ज्यात मोटारीचे नुकसानही येते. मात्र त्यासाठी एकवीस वर्षांखालील चालकाची माहिती स्वतंत्र रकान्यात भरून द्यावी लागते. नगरमध्ये या विषयाचा विचार केलेला एकही गृहस्थ मला भेटला नाही. बँकेचे व्यवस्थापक म्हणाले, “मुलाला गाडी देतो आणि देवाचं नाव घेतो.” हे सुशिक्षितांचे विमाशास्त्र.

बुधवार, ६ ऑक्टोबर.

विमा एजंट आबासाहेब सकाळी आले. हे मूळचे मिरजगावचे भुसार व्यापारी. बोलणे फार, पण माणूस अप्रामाणिक नसावा.

“प्राचार्यसाहेब, थर्ड पार्टी घ्या आन् मोकळे व्हा,” ते म्हणाले. “पत्रा चेपला तर ठोकून द्यायला आपला मानूस हाय.”

“मला पत्र्याची चिंता नाही. मुलीच्या हातून कोणाला इजा झाली तर?”

“त्यालाच तर थर्ड पार्टी.”

“आणि मुलीला झाली तर?”

सुपारी कातरता कातरता त्यांचा हात थांबला. “तिला येगळा कागद. पर असं इचारनारे तुमीच पयले. लोक इचारत्यात, हप्ता किती!”

मी सर्वंकष विमा आणि प्रवरेसाठी वेगळा अपघात विमा, असे दोन्ही घेण्याचे ठरवले. अर्ज मी स्वतः भरू लागलो. सातवा रकाना, चालकाची जन्मतारीख. मी ‘१ जून १९५३’ लिहीत असता माझी पत्नी मनकर्णा चहा घेऊन आली. आबासाहेबांनी सहज विचारले, “वैनी, ताई कवाच्या?”

“रथसप्तमीची,” ती म्हणाली.

आबासाहेब मोठ्याने हसले. “मंग काय! रथसप्तमीची पोर रथ हाकनारच!” नंतर त्यांनी बोटे मोजली आणि हसणे आवरले. “साहेब, रथसप्तमी माघात येती. तुमी तर जून लिवलाय.”

मी म्हणालो, शाळेच्या दाखल्यावरील तारीख हीच कायद्याने ग्राह्य धरली जाते.

“व्हय, व्हय. म्याबी एक जूनचाच. आमच्या वर्गात अडतीस पोरं, अडतीसच्या अडतीस एक जूनची. गुरुजींनी एका दिसात समद्या गावाला जल्म दिला.” मग खालच्या आवाजात : “राग नका मानू. ह्यो रकाना पेन्सिलीनं ठिवू का? रथसप्तमी झाली की शाई फिरवू. तवर ताईच्या हाती गाडी नका देऊ. चार म्हैन्यांचा तर प्रश्न.”

मी पेन्सिलीने काहीही भरत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी चहा अर्धा ठेवला.

गुरुवार, ७ ऑक्टोबर.

अर्ज सही करून पाठवला. एका गोष्टीचा उल्लेख येथे करणे प्राप्त आहे, कारण ही वही माझ्याखेरीज कोणी वाचत नाही.

जून १९५८ मध्ये मी नेवाशास मुख्याध्यापक होतो. पहिलीत प्रवेशासाठी पाच वर्षे पूर्ण लागत. प्रवरा सव्वाचार वर्षांची होती, परंतु घरी मी शिकवल्यामुळे धडा अस्खलित वाचत असे. तिचे वर्ष वाया घालवणे मला शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे वाटले. दाखल रजिस्टरात मी स्वहस्ते १ जून १९५३ लिहिले. खरी तारीख १० फेब्रुवारी १९५४.

पुढे मी शालेय दप्तरावर पुस्तिका लिहिली. तीत जन्मतारखांच्या प्रकरणी अंदाजपंचे नोंदी करणाऱ्या गुरुजींवर कडक टीका आहे. टीका योग्यच आहे. ते गुरुजी आळसाने लिहीत. मी विचार करून लिहिले. या दोहोंत फरक आहे.

शनिवार, २३ ऑक्टोबर.

विम्याचे कागद आले. टंकलेखनात दोन चुका. दुरुस्तीसाठी परत पाठवले.

प्रवरेचे चालवणे समाधानकारक आहे, पण निर्दोष नाही. वळणावर हात उशिरा दाखवते. क्लच अर्धवट दाबते. मी शेजारी बसून प्रत्येक दोष त्याच क्षणी निदर्शनास आणतो, कारण दोष घडताना दाखवला तरच सुधारतो, हे अध्यापनाचे मूलतत्त्व आहे. आज घरी आल्यावर ती म्हणाली, “आप्पा, तुम्ही थोडा वेळ बाहेर बघत बसाल का?” विनोद असावा.

शुक्रवार, १० डिसेंबर. सकाळ.

काल अपघात झाला. क्रमाने लिहितो.

सुप्याच्या शाळेतील पाठ आटोपून आम्ही साडेपाचला निघालो. युद्धामुळे मोटारीच्या दिव्यांच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग लावला आहे. तरी अद्याप संधिप्रकाश होता आणि रस्ता दिसत होता. वेग ताशी तीस मैलांच्या आत. केडगावच्या अलीकडे प्रवरेने गियर बदलताना क्लच पुन्हा अर्धवट दाबला. हा दोष तिसऱ्यांदा घडत होता. म्हणून मी तो जरा मोठ्या आवाजात तिच्या निदर्शनास आणला. ती माझ्याकडे वळून “हो आप्पा, कळलं,” म्हणाली. त्याच वेळी डाव्या बाजूने कडब्याचा भारा डोक्यावर घेतलेली एक स्त्री रस्त्यावर आली. ब्रेक लागले, पण डाव्या मडगार्डाचा धक्का तिला बसला. नडगीचे हाड मोडले.

प्रवरेने उतरून तिचे डोके मांडीवर घेतले, स्वतःची ओढणी फाडून पाय दोन काठ्यांना बांधला. मला काय करावे हे क्षणभर सुचले नाही. नंतर एका मालट्रकमधून त्या स्त्रीस इस्पितळात नेले. पोलिसांनी प्रवरेचा जबाब घेतला. मला बाहेर बसवले.

अपघातापर्यंत मी सतत मार्गदर्शन करत होतो, ही गोष्ट मुलीच्या बाजूने जमेस धरली गेली पाहिजे.

रविवार, १२ डिसेंबर.

इस्पितळात गेलो. स्त्रीचे नाव बायडाबाई. शेतमजुरी करते. नवरा कचरू उशाशी बसला होता. मला पाहून उठला, पण नमस्कार केला नाही.

बायडाबाई म्हणाली, “पोरीला कायी म्हनू नका, सायेब. माझ्या लेकीनं केलं नसतं तेवडं केलं तिनं. म्याच भाऱ्याखाली हुते. दिसत न्हवतं. निस्तं आयकू येत हुतं.”

“हॉर्न ऐकू आला ना?” मी विचारले.

“हारन न्हाई. मानूस वरडत हुता. म्या म्हनलं, रस्त्यात भांडान लागलंय कुनाचं. बघावं म्हून वळले—”

“गप ए,” कचरू म्हणाला. “डागदरनं बोलू नको म्हनलंय.”

वेदनेत माणसाची श्रवणशक्ती भरवशाची राहत नाही. तो आवाज हॉर्नचाच असावा.

शनिवार, १८ डिसेंबर.

कंपनीचे तपासनीस आले. तरुण आहेत, पण कागद नीट लावून ठेवतात. सरकारने कंपन्यांचा कारभार हाती घेतल्यापासून तपासणी कडक झाली आहे, असे ते म्हणाले. लायसन्स, शाळेचा दाखला, विम्याचा अर्ज, तिन्हींवर जन्मतारीख एकच. त्यांनी समाधानाने मान हलवली.

नंतर त्यांच्याबरोबर इस्पितळात गेलो. भरपाई ठरवण्यासाठी जखमी व्यक्तीचे वय लागते.

“लिवा पन्नास,” कचरू म्हणाला. मग बायकोकडे पाहून, “न्हाई, चाळीस लिवा.”

मला राहवले नाही. मी त्याला सांगितले की, अंदाजे वय लिहून देणे म्हणजे खोटा पुरावा निर्माण करणे होय, आणि अशाने या देशात कोणत्याही नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही.

कचरू म्हणाला, “सायेब, आमच्या पोरान्ला निदान गुरुजी तारीख देत्यात. हिला कोन देनार? ही शाळंतच न्हाई गेली.”

शेजारच्या खाटेवरील बाई हसली. तपासनीस कागदात डोके घालून राहिले.

जाताना त्यांनी मला एक छापील प्रतिज्ञापत्र दिले. मजकूर असा : ‘चालकाची वर नमूद केलेली जन्मतारीख माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरी आहे.’ मी सुचवले की ‘व्यक्तिगत माहितीप्रमाणे’ ऐवजी ‘शालेय दप्तराप्रमाणे’ असे हवे. ते नम्रपणे म्हणाले, “छापील मजकूर बदलता येत नाही, सर. पाच जानेवारीपर्यंत सही करून पाठवा. मुलगी तुमचीच आहे, तुम्हाला तारीख माहीत असणारच.”

मंगळवार, २१ डिसेंबर.

वकिलांना भेटलो. ‘एका परिचिताचे प्रकरण’ म्हणून विचारले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि परिचिताचे नाव विचारले नाही.

त्यांचे म्हणणे असे. आज मुलगी कागदोपत्री सज्ञान आहे. हयगयीने वाहन चालवल्याचा खटला तिच्यावर आहे. ती अज्ञान ठरली, तर लायसन्स रद्द होईल, दाखला तपासला जाईल, आणि वय माहीत असूनही मोटार तिच्या हाती देणारा मालक कोर्टात उभा राहील. कंपनीही अंग काढून घेईल आणि बाईची भरपाई मालकावर येईल.

“म्हणून तुमच्या परिचितांना सांगा, सही करा आणि गप्प बसा. मुलीला बहुधा दंड होईल. तरुण आहे, पहिलीच चूक आहे. आता नोकरीच्या अर्जात ‘आपणास कधी शिक्षा झाली आहे काय?’ असा रकाना असतो म्हणा. पण असे रकाने कोण वाचतो?”

मी वाचतो.

गुरुवार, २३ डिसेंबर.

सही केली नाही. फाडलेही नाही.

सकाळी मनकर्णाशी या विषयावर प्रथमच बोललो. सहीच्या बाजूची कारणे मी तिला नीट विशद केली : प्रवरेची सर्व प्रमाणपत्रे त्या तारखेवर उभी आहेत, महाविद्यालयाची प्रतिष्ठा आहे, बायडाबाईस कंपनीकडून खात्रीने पैसे मिळतील. खोटे काही नव्याने करावयाचे नाही, आहे ते चालू ठेवावयाचे आहे.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, वर्ष तुम्ही ढापलंत. आणि दंड लेकीनं भरायचा?”

मनकर्णाचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. तिला कायद्याची गुंतागुंत समजावणे कठीण जाते. मी उठून आलो. दुपारपर्यंत दुसरे काही वाचता आले नाही.

सोमवार, २७ डिसेंबर.

प्रवरा दररोज कॉलेज सुटल्यावर सायकलने इस्पितळात जाते, हे मला आज तेथील परिचारिकेकडून समजले. भाकरी-कालवण घरून नेते. मनकर्णास ठाऊक होते.

मी प्रवरेस बोलावून विचारले, “मला न विचारता जातेस?”

“हो.”

“परवानगी घ्यावी, असे वाटले नाही?”

“अठरा वर्षांच्या माणसाला लागते का, आप्पा?” तिने शांतपणे विचारले. “तुम्हीच सांगा. मी किती वर्षांची आहे, ते तुम्हालाच नीट माहीत.”

मी तिला उद्धटपणाबद्दल बोललो. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “बायडाबाई मला ‘केवढीशी गं तू’ म्हणतात. त्यांना स्वतःचं वय माहीत नाही, पण माझं बरोबर कळलं. सतरा म्हणाल्या.”

मोटारीची किल्ली तिने अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच माझ्या टेबलावर ठेवली होती. ती अद्याप तेथेच आहे. मोटारीवर धूळ साचली आहे. आज कोणीतरी मागच्या काचेवर बोटाने फुली काढली आहे.

रविवार, २ जानेवारी १९७२.

वकिलांनी प्रवरेच्या पोलीस जबाबाची नक्कल पाठवली. दीड पान आहे. अक्षर हवालदाराचे, पण वाक्यरचना तिची. मी तिचे निबंध बारा वर्षे तपासले आहेत.

‘माझे वडील शेजारी शांत बसले होते. ते माझ्याशी काही बोलत नव्हते. माझे लक्ष रस्त्यावर होते, परंतु बाई मला दिसल्या नाहीत. चूक सर्वस्वी माझी आहे.’

पहिली प्रतिक्रिया म्हणून मी समासात ‘असत्य’ असे पेन्सिलीने लिहिले. ती धादांत असत्य विधाने आहेत. मी बोलत होतो. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते. ती माझ्याकडे पाहून उत्तर देत होती. माझ्या १० डिसेंबरच्या नोंदीत हे स्पष्ट आहे. इतक्या साध्या घटनेचे निवेदन तिला बिनचूक करता येऊ नये, याचे मला प्रथम वैषम्य वाटले. तिच्या स्मरणशक्तीत आजवर असा दोष आढळला नाही.

मग मी ती ओळ पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. बारा तारखेची नोंदही काढून वाचली. बायडाबाईने ऐकलेला आवाज हॉर्नचा असावा, असे मी तेथे लिहिले आहे. प्रवरेने हॉर्न वाजवल्याचे ना तिच्या जबाबात आहे, ना माझ्या नोंदीत.

‘असत्य’ हा शब्द खोडून टाकला.

मंगळवार, ४ जानेवारी.

प्रतिज्ञापत्र सहीविना परत केले. त्यासोबत शाखाधिकाऱ्यांस पत्र लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवले. सारांश : माझ्या कन्येची खरी जन्मतारीख १० फेब्रुवारी १९५४ असून अपघातसमयी ती अज्ञान होती. सातव्या रकान्यातील तारीख खोटी आहे. ती शाळेच्या दप्तरात १९५८ साली आणि आपल्या अर्जात १९७१ साली मीच लिहिली. दोन्ही वेळा ती खोटी असल्याचे मला माहीत होते. कन्येस याबाबत काही विचारण्यात आले नव्हते. कंपनीने भरपाई नाकारल्यास बायडाबाईची जबाबदारी माझी राहील. पत्राची प्रत वकिलांस, लायसन्स देणाऱ्या कार्यालयास आणि महाविद्यालयाच्या नियामक मंडळास.

वकील धावत आले. “हे तुम्ही काय केलंत? विचारायचं तरी!”

मी म्हणालो, “तुमचा सल्ला एका परिचितासाठी होता. त्यांनी तो ऐकला नाही.”

मनकर्णाने पत्र वाचून दाखवावयास सांगितले. ऐकल्यावर तिने ताटात आज दुसरी पोळी न विचारता वाढली. प्रवरा इस्पितळात होती. बायडाबाईस काठी घेऊन उभे करण्याचा आजचा पहिला दिवस, असे समजते.

प्रवरेशी तोंडी बोलण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. काल ती पुस्तक वाचत होती आणि मी तिला दिवा डावीकडून असावा, एवढेच सांगून परत आलो. तेव्हा पुढील मजकूर कागदावर उतरवून तिच्या टेबलावर ठेवला आहे. नक्कल येथे.

‘चि. प्रवरा हिस,

कंपनीस पाठवलेल्या पत्राची प्रत सोबत आहे. तारखेची चूक माझी होती. तिचा निकाल जो लागेल तो माझ्यावर लागेल. तुझ्या प्रमाणपत्रांच्या दुरुस्तीस वेळ जाईल. तो मी खर्च करीन.

त्या पत्रात एक गोष्ट नाही, कारण तिच्यासाठी कोणत्याही छापील कागदावर रकाना नाही. पोलिसांसमोर तू सांगितलेस की मी बोलत नव्हतो. माझी नोंद सांगते की मी बोलत होतो, मोठ्याने बोलत होतो आणि तू मला उत्तर देण्यासाठी मान वळवलीस. दोहोंपैकी एकच खरे असू शकते. तुझा जबाब कोर्टात वाचला जाईल तेव्हा मी तेथे हजर असेन, आणि मला विचारले गेले तर मी माझी नोंद वाचून दाखवीन. तत्पूर्वी मला तुझ्याकडून हे कळले पाहिजे :

मी त्या क्षणी गप्प असतो, तर बायडाबाई तुला दिसल्या असत्या काय?

मला बरे वाटावे म्हणून काही लिहू नये. आईकरवी निरोप, मान हलवणे किंवा “जाऊ द्या, आप्पा” हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. चुका असल्या तरी मी तपासणार नाही.

उत्तर तुझ्या हस्ताक्षरात, लेखी, शुक्रवारच्या आत द्यावे.’